काळ्या दाण्यांच्या मागावर : वडूज ते विश्रामबाग

खटाव तालुक्यात बुरशी शोधायला निघालेय, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आई मनापासून हसली. माझं माहेर गुहागरचं. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना, पापडांना, लग्नाच्या फोटोंना, अगदी देव्हाऱ्यातल्या पाटालाही बुरशी धरते. "बुरशीच हवी तर आषाढात इकडे ये," आई म्हणाली. "त्या कोरड्या मुलखात तुला काय मिळणार?"

तिचं म्हणणं शहाण्या माणसाचं होतं आणि साफ चुकीचं होतं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी अन्नातल्या बुरशीच्या विषांवर काम करत होते. भुईमुगावर वाढणारी एक पिवळट हिरवी बुरशी आहे, तिच्यापासून तयार होणाऱ्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पीक हाताशी येताना पावसानं दगा दिला की झाड कोमेजतं, शेंगा मातीतच तडकतात आणि बुरशी आत शिरते. म्हणजे हिला कोरडा मुलूख मानवतो. गोदामातले नमुने आम्ही पुष्कळ तपासले होते. शेतकऱ्याच्या घरात, त्याच्या स्वतःच्या ताटात काय असतं, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहायला मी निघाले होते.

साताऱ्याहून वडूज

फेब्रुवारीचा शेवट होता. साताऱ्याच्या मंडईत शेंगदाण्यांचे चार नमुने घेतले, पिशव्यांवर आकडे टाकले आणि एसटीत बसले. सोबत डब्याएवढा अतिनील दिवा, काचेच्या नळ्या आणि दोन साड्यांत गुंडाळलेल्या द्रावणाच्या बाटल्या. कोरेगाव मागे पडेपर्यंत उसाचा हिरवा रंग होता. पुसेगावच्या पुढे तो विरळ झाला आणि मग नुसती शाळूची पिवळी शेतं, बोडके डोंगर आणि आभाळ. कोकणातल्या माणसाला एवढं आभाळ एकदम पाहायची सवय नसते. मी खिडकीशी मान वाकडी करून बसले होते.

वडूजच्या स्टँडवर सुभेदार आनंदराव न्यायला आले होते. सैन्यातून निवृत्त होऊन शेती पाहणारे, पन्नाशीचे, ताठ बांध्याचे गृहस्थ. आमच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं त्यांच्या घरी माझी सोय झाली होती. गाव वडूजपासून जवळच. मोटारसायकलवर माझ्या बाटल्या त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतल्या आणि एका हातानं गाडी चालवली. मी जीव मुठीत धरला होता. "काळजी करू नका मॅडम," ते म्हणाले, "बर्फात दारूगोळा न्हेलाय आमी."

घरात त्यांच्या पत्नी हौसाबाई आणि वडील तात्या. तात्या ऐंशीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, कमी बोलणारे. अंगण ओलांडलं की दुसरं लहान घर. तिथे सुभेदारांच्या थोरल्या भावाची, विष्णूची बायको पार्वतीबाई एकटीच राहायची. विष्णू चार वर्षांमागे वारले होते. मुलगी सासरी गेली होती.

जेवायला बसले आणि मी खऱ्या अर्थानं परमुलखात आले. आमच्याकडे ज्यात त्यात नारळ, इथे ज्यात त्यात दाण्याचं कूट. वांग्यात कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, आमटीसुद्धा दाण्याचीच, वर दाण्याची लाल चटणी आणि शेवटी शेंगांची पोळी. सगळं चवीचं होतं. मी तीन भाकरी खाल्ल्या. हातावर पाणी घेताना मनात आकडेमोड सुरू झाली, की इथला माणूस रोज किती दाणे खातो.

घोंगडीखाली

सकाळी उठले तर चुलीवर दाणे भाजल्याचा घमघमाट. हौसाबाईंनी बशी पुढे केली, गूळही ठेवला. दोन घास खाल्ले आणि कोपऱ्यात पडलेली रिकामी पिशवी दिसली. तिच्यावर माझ्याच अक्षरात आकडा होता, तीन.

"हौसाबाई, हे दाणे माझ्या झोळीतले का हो?"

"व्हय ताई. तुमी आमच्यासाठनं आणल्यात वाटलं. मोकळ्या हातानं कोण येतंय?"

मला हसू आलं, आणि लगेच चेहरा सरळ करावा लागला. कारण हे दाणे तपासायला आणलेत आणि त्यात विष असू शकतं, एवढं ऐकताच हौसाबाईंनी बशी खाली टाकली. सुभेदार तोवर मूठभर खाऊन बसले होते.

"एका मुठीनं काही होत नाही," मी म्हणाले. "एका वर्षानंही कळत नाही. रोज थोडं, वर्षानुवर्षं, तेव्हा ते गाठतं."

"पण भाजल्यावर मरत न्हाई व्हय?"

"बुरशी मरते. तिनं दाण्यात सोडलेलं विष मरत नाही. भाजा, उकडा, कूट करा, ते तसंच राहतं."

तिसरा नमुना पोटात गेला तो गेला. त्याच्या बदल्यात मला जे मिळालं ते मात्र जास्त मोलाचं होतं. हौसाबाई मला कणगीपाशी घेऊन गेल्या आणि घरातले दाणे कसे वेगळे होतात ते दाखवलं. शेंगा फोडायच्या आधी पाणी शिंपडून पोत्याखाली दडपून ठेवायच्या. टरफल मऊ पडतं, दाणा तुटत नाही. मग निवडायचं. टपोरे दाणे बाजाराला, त्याखालचे बियाण्याला. सुरकुतलेले, फुटके, काळे पडलेले राहतात ते निवडण.

"आणि निवडण?"

"ते घरात. वाया कशाला घालवायचं? कुटात काय कळतंय?"

मी तिन्ही ढिगांतले दाणे घेतले. खलात कुटले, द्रावणात हलवले, गाळले आणि पावडर भरलेल्या नळ्यांमधून ओतले. आता दिवा लावून बघायचं तर अंधार हवा. घर पत्र्याचं, फटीफटीतून ऊन आत येत होतं. सुभेदारांनी आतून धनगरी घोंगडी आणली आणि बाजेवर तंबू ठोकला. आम्ही आळीपाळीनं त्याखाली शिरलो. लोकर अंगाला टोचत होती, द्रावणाचा वास नाकात जात होता आणि जांभळट उजेडात तीन नळ्या उभ्या होत्या. बाजाराच्या दाण्यांची नळी काळी. बियाण्याची काळी. निवडणाच्या नळीत मध्यावर निळा पट्टा पेटला होता. स्वच्छ, सुंदर निळा. मी प्रयोगशाळेत असे शेकडो पाहिले असतील, पण इतका ठसठशीत क्वचितच.

"लय झ्याक दिसतंय की," सुभेदार आतून म्हणाले.

"ते विष आहे," मी बाहेरून म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "म्हंजी हे विष काळजाला जाऊन भिडतं?"

"काळजाला नाही, यकृताला." मी जमिनीवर काडीनं आकृती काढायला बसले. शिकवायची सवय जात नाही. "पोटातून रक्तात गेलं की ते आधी यकृतात येतं. यकृताचं काम असं, की नको असलेली वस्तू पाण्यात विरघळेल अशी करायची आणि लघवीवाटे बाहेर काढायची. त्यासाठी ते विषाला प्राणवायूचा एक कण जोडतं. आणि इथेच घोळ होतो. जोडण्याआधी ते विष बरंचसं मुकाट असतं. जोडल्यावर ते क्षणभर फार तापट होतं, जवळ जे सापडेल त्याला चिकटतं. यकृताकडे त्याला शांत करणारा आणखी एक पदार्थ असतो. बरंचसं त्यात गुंतून निघून जातं. जे उरतं ते पेशीच्या मधोमध जातं. पेशीनं कसं वागायचं ते जिथे लिहिलेलं असतं, त्या लिखाणातल्या एका अक्षराला चिकटतं. मग ते अक्षर चुकीचं उतरतं. वाढ कधी थांबवायची, हेच ज्या ओळीत लिहिलंय तिथे चूक झाली, की पेशी थांबायची विसरते. वाढत राहते. तो कर्करोग."

सुभेदारांनी आकृतीवर बोट ठेवलं. "म्हंजी आपल्याच चौकीवरल्या शिपायानं शत्रूच्या हातात बंदूक दिल्यागत झालं की."

इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. "हो," मी म्हटलं, "आणि तीही त्याला बाहेर घालवता घालवता."

"मग निवडण म्हशीला घालू?"

"नको. ते रूप बदलून थोडं दुधात उतरतं. शेतापासून लांब खड्ड्यात पुरा. आणि फोडताना पाणी शिंपडणं बंद करा. आत शिरलेली बुरशी ओल मिळाली की आणखी पसरते."

पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. हातात वाटी, वाटीत त्यांच्या घरचे दाणे. शेत सामाईक, म्हणून निवडणही दोन्ही घरांत वाटलं जायचं.

"ताई," त्या म्हणाल्या, "ह्यानं पोटात पानी हुतं का? डोळं पिवळं हुत्यात का?"

हौसाबाई आत निघून गेल्या. ओट्यावरचे तात्या उठले आणि काठी टेकत गोठ्याकडे चालू लागले.

सुभेदारांनी मला नंतर सांगितलं. विष्णूच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे पडले, सहा महिन्यांत माणूस गेला. दवाखान्यातून यकृत खराब झाल्याचं कळलं तेव्हा गावानं एकच अर्थ काढला. माळकरी म्हणवतोय आणि चोरून पितोय. विष्णूंनी मरेपर्यंत नाकारलं. कुणी ऐकलं नाही.

"तुम्ही ऐकलं होतं?" मी विचारलं.

"मी तवा सरहद्दीवर." ते म्हणाले. "खरं सांगू? मलाबी वाटलंवतं."

दुपारी पार्वतीबाईंनी पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढून दिली. दवाखान्यातले कागद, सगळे इंग्रजीत. चार वर्षं घरात होते आणि कुणी वाचले नव्हते. मी उंबऱ्यावर बसून वाचले. यकृताचा कर्करोग. त्याखाली रक्ताचा अहवाल, 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू आढळले. आणि पहिल्याच पानावर दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांचं वाक्य : रुग्ण मद्य घेत नाही.

मी वैद्यकीय डॉक्टर नाही. घाईनं बोलायचं नाही असं ठरवलं. पण ही कावीळ आईकडून मुलांना होते हे मला ठाऊक होतं, आणि समोर त्याच आईचा दुसरा मुलगा उभा होता, रोज निवडणाचं कूट खाणारा. "सांगलीला माझी डॉक्टर मैत्रीण आहे," मी म्हटलं. "तुम्ही दोघं उद्या माझ्याबरोबर चला."

तासगाव

मायणी, विटा करत एसटी तासगावला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. पार्वतीबाई विट्याच्या पुढे कधी आल्या नव्हत्या. द्राक्षांचे मांडव बघून त्या म्हणाल्या, "एवढा पाला आन् सगळा दोरीवर!" सुभेदारांचा पलटणीतला मित्र इथे बेदाणा करायचा. त्याच्याकडे जेवायला थांबलो.

बेदाण्याचं शेड म्हणजे एकावर एक ताणलेल्या जाळ्या, आणि प्रत्येक जाळीवर हिरवट सोनेरी द्राक्षं. मधून वारा वाहतो आणि आत शिरलं की गोड आंबूस वास अंगावर येतो. मी दिवा काढला तर मालक दुखावला. "आमच्या मालाला बुरशी? मॅडम, हितं वारं बघा, ऊन बघा!" त्याचं समाधान व्हावं म्हणून पोत्याखाली चार बेदाणे धरले. दिसलं काहीच नाही. नुसत्या दिव्याखाली बेदाण्याची परीक्षा होत नसते, हे मी त्याला सांगितलं, पण तो आधीच विजयी चेहऱ्यानं बाकीच्यांकडे बघत होता. त्याच्या शेडमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. ओल लागलेली जाळी तो लगेच बाजूला काढत होता, आणि ते खराब बेदाणे घरी न नेता उकिरड्यात टाकत होता.

"घरी का नेत नाही?" मी विचारलं.

"घरच्यांनी काय पाप केलंय?"

पार्वतीबाईंनी हे ऐकलं. बसमध्ये बसल्यावर त्या म्हणाल्या, "आमी चांगलं इकत आलो आन् वंगाळ खात आलो. हे कवा ध्यानातच आलं न्हाई."

विश्रामबाग

माझी मैत्रीण सुमती सांगलीच्या विश्रामबागेत राहते. यकृताच्या रुग्णांत तिची वीस वर्षं गेली होती. रुंद रस्ते, कॉलेजची पोरं सायकलींवर, दारात बोगनवेल. तिनं आधी भडंग आणि चहा समोर ठेवला. भडंगात शेंगदाणे होते. आम्ही तिघांनीही क्षणभर बशीकडे पाहिलं आणि मग सुमतीसकट सगळे हसलो. दाणे टपोरे, स्वच्छ होते. मी खुशाल खाल्ले. शेंगदाण्याशी माझं वैर नाही, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

तिनं सुभेदारांचं आणि पार्वतीबाईंचं रक्त तपासायला पाठवलं आणि विष्णूंचे कागद घेऊन बसली. पेशींचा अहवाल तिनं दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. पार्वतीबाईंच्या रक्तात काही नव्हतं. सुभेदारांच्या रक्तात तोच विषाणू होता.

सुमती आडपडदा ठेवत नाही. "सुभेदारसाहेब, हा तुम्हाला बहुतेक जन्मापासून आहे. आज तुमचं यकृत ठीक दिसतंय. हा विषाणू पेशी मारतो, मग त्या जागी नव्या पेशी सारख्या वाढत राहतात. अशा यकृतात ते बुरशीचं विष गेलं, तर झालेली चूक भराभर उतरत जाते. दोन्ही मिळून धोका कितीतरी वाढतो. विषाणूवर आज माझ्याकडे खात्रीचं औषध नाही. दाणे मात्र तुमच्या हातात आहेत. निवडण बंद. दारू बंद. दर सहा महिन्यांनी मला भेटायचं. बायकोचं रक्त तपासून तिला लस द्यायची."

सुभेदारांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "कळलं ते बरं झालं," ते म्हणाले. "दादाला कुणी सांगितलं न्हाई."

पार्वतीबाई पुढे सरकल्या. "बाई, आमचं मालक पीत न्हवतं, हे ह्या कागदात हाय का?"

सुमतीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही माहीत होतं, की एका माणसाचा रोग नेमका कशानं झाला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दाण्यांनी झाला असंही नाही.

"दाण्यांचं मी शपथेवर सांगणार नाही," सुमती म्हणाली. "पण दारूनं यकृत बिघडतं तेव्हा ते वेगळं दिसतं. तसं यात काही नाही. विषाणू आहे, तो कागदावर लिहिलेला आहे. आणि ते पीत नव्हते, हेही डॉक्टरांनी लिहिलंय. मी तुम्हाला मराठीत लिहून देते, खाली सही करते."

तिनं लिहून दिलं. पार्वतीबाईंनी तो कागद घडी न घालता हातात धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडपर्यंत रिक्षातही तसाच धरला होता.

पुन्हा गावात

मी सांगलीहून पुण्याला जायचं ठरलं होतं. स्टँडवर सुभेदार म्हणाले, "मॅडम, तात्यास्नी तुमी सांगा. माझ्या तोंडनं त्यास्नी खरं वाटायचं न्हाई, भावाची बाजू घेतो म्हणतील." मी पुण्याचा बेत मोडला आणि विट्याच्या गाडीत चढले.

पोचलो तेव्हा सकाळ सरत आली होती. तात्या ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या समोर बसले आणि मोठ्यानं, सावकाश तो कागद वाचला. विषाणू म्हणजे काय ते सांगितलं. हा रोग एका घोटाशिवायही होतो, सोवळ्या माणसालाही होतो, लहान पोरालाही होऊ शकतो, हे सांगितलं. आनंदरावांच्या रक्ताचंही सांगितलं. सुभेदारांनी तसं बजावलं होतं.

तात्यांनी कागद मागितला. वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून बोट फिरवलं.

"परत वाचा," ते म्हणाले.

मी परत वाचला.

"त्येच्या गळ्यातली माळ मी काढली," तात्या म्हणाले. आवाज अगदी सपाट होता. "शेवटच्या आठवड्यात. हात जोडत हुता. म्हनला, तात्या, पांडुरंगाची आन. मी ऐकलं न्हाई. काढून घेतली."

सुभेदार खाली बघत होते.

पार्वतीबाई आपल्या घराकडे गेल्या. वाटलं, रडायला गेल्या. थोड्या वेळानं त्या डोक्यावर पाटी घेऊन बाहेर आल्या. पाटीत सगळं निवडण होतं, हौसाबाईंच्या घरातलंही त्यांनी मागून घेतलं. सुभेदारांनी परसाच्या पलीकडे खड्डा काढला. दाणे ओतले, माती ओढली, पाय देऊन दाबली.

परत येताना त्या तात्यांच्या समोरून जात होत्या.

"पारू," म्हाताऱ्यानं हाक मारली. हौसाबाईंनी मला हळूच सांगितलं, की तिनं नवऱ्याचं पिणं झाकलं या समजानं विष्णूच्या दहाव्यानंतर ते तिच्याशी बोलले नव्हते आणि तिच्या हातचं पाणीही प्यायले नव्हते. "पारू, भाकरी टाकलीस का?"

त्या थांबल्या. पदर सावरला. मला वाटलं, आता हिनं चार वर्षांचं सगळं बोलून घ्यावं. तिला हक्क होता.

"टाकते की मामंजी," त्या म्हणाल्या. "या."

तात्या काठी टेकत अंगण ओलांडून गेले. उंबऱ्याशी त्यांना पाय उचलता येईना, तेव्हा सुभेदारांनी धरलं. माझी गाडी साडेबाराची होती, मला निघणं भाग होतं. निरोप घ्यायला दारात गेले तर म्हातारा पाटावर बसला होता, पिठल्यात भाकरी कुस्करून खात होता आणि नाकातलं पाणी उपरण्यानं पुसत होता. पार्वतीबाई तव्यापाशी होत्या. तात्यांनी पुरे म्हणून हात आडवा केला. त्यांनी तो हात बाजूला सारला आणि आणखी एक भाकरी वाढली.